आठवड्याची सिनेमावही: काय लिहायचं, कुठे लिहायचं, घोळ कुठे होतो

सिनेमांची नोंद ठेवायचं बऱ्याच जणांच्या मनात एक जानेवारीला येतं आणि संक्रांतीपर्यंत वही कपाटात जाते. दोष दर वेळी आळसाचाच नसतो. पहिल्याच नोंदीत कलाकार, संगीतकार, कथानक आणि वर दीड पानाचं परीक्षण असा थाट मांडलेला असतो. मग एका आठवड्यात तीन सिनेमे झाले की लिहायचं राहून जातं, राहिलेलं साचत जातं आणि साचलेलं बघून वही उघडवत नाही.

म्हणून सुरुवातीलाच एक चाळणी लावायची. जी माहिती दोन वर्षांनीही नेटवर मिळेल ती वहीत लिहायची नाही. छायाचित्रण कोणाचं, गाणी किती, सिनेमाने किती कमावले, हे हवं तेव्हा अर्ध्या मिनिटात सापडतं. पण तो सिनेमा तुम्ही कुठे पाहिलात, कोणाबरोबर, मूळ भाषेत की डब केलेला, शेवटपर्यंत पाहिलात की चाळीस मिनिटांनी उठलात आणि त्यातलं नेमकं काय डोक्यात राहिलं, हे दुसरं कोणी लिहून ठेवलेलं नसतं. तेवढंच लिहा. एका नोंदीला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल तर रकाने जास्त झालेत.

सात रकाने

तारीख, नाव, वर्ष, कुठे, आवृत्ती, सोबत आणि एक ओळ. एवढ्यावर भागतं. डावीकडे समासात अनुक्रमांक टाका. वर्षअखेरी मोजत बसावं लागत नाही.

तारखेचा घोळ रात्रीच्या शेवटच्या खेळाला होतो. पावणेअकराचा शो दीडला सुटतो, मग तारीख आजची की उद्याची? खेळ सुरू झाला त्या दिवसाची लिहा. तिकिटावर तीच असते, त्यामुळे पुढे ताळा जुळतो. घरी दोन-तीन बैठकांत पाहिलेल्या सिनेमाला मात्र संपवला त्या दिवसाची तारीख द्या. मध्येच सोडलेल्या सिनेमाला अनुक्रमांक द्यायचा नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर ‘अर्धवट’ अशी वेगळी यादी ठेवा आणि तिथे नावापुढे कुठे सोडला ती वेळ लिहा, उदाहरणार्थ ‘१ तास १२ मिनिटं’. या यादीचा दुहेरी उपयोग होतो. पुन्हा बसलात तर कुठून सुरू करायचं ते कळतं, आणि सहा महिन्यांनी ती नुसती चाळली तरी आपला संयम कुठल्या प्रकारच्या सिनेमाला संपतो ते दिसतं.

नावापुढे वर्ष नसेल तर नोंद काही काळाने निरुपयोगी होते. ‘श्यामची आई’ एवढंच लिहिलंत तर तो आचार्य अत्र्यांचा १९५३ चा की सुजय डहाके यांचा २०२३ चा? दोन्ही कृष्णधवल, त्यामुळे ‘ब्लॅक अँड व्हाइट होता’ असं टिपूनही उलगडा होणार नाही. ‘देवदास’ तर १९३५ चा बंगाली, १९३६ चा हिंदी, १९५५ चा आणि २००२ चा, असे निदान चार डोळ्यांपुढे येतात. प्रभातच्या काळातल्या सिनेमांना आणखी जपावं लागतं. १९३७ चा ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ ही एकाच गोष्टीची मराठी आणि हिंदी रूपं, दोन्ही व्ही. शांताराम यांची. ती स्वतंत्रपणे चित्रित झालेली आहेत, तेव्हा दोन नोंदी करा.

वर्ष कुठलं धरायचं हाही प्रश्न येतो. महोत्सवात आधी दाखवलेला सिनेमा चित्रपटगृहात वर्षभराने येतो. ‘कोर्ट’ व्हेनिसला २०१४ मध्ये दाखवला गेला आणि आपल्याकडे २०१५ मध्ये लागला. आयएमडीबी, टीएमडीबी आणि लेटरबॉक्स्ड ही सिनेमांची माहिती आणि नोंदी ठेवणारी संकेतस्थळं साधारणपणे पहिल्या जाहीर खेळाचं वर्ष धरतात. पुढेमागे नोंदी ऑनलाइन न्यायच्या असतील तर तेच वर्ष वापरा, नाहीतर आयात करताना जुळणी चुकते.

‘कुठे’मध्ये फक्त ‘थिएटर’ किंवा ‘ओटीटी’ लिहून काही हाती लागत नाही. चित्रपटगृहाचं नाव आणि पडदा, किंवा सेवेचं नाव आणि कशावर पाहिला ते लिहा: टीव्ही, लॅपटॉप की लोकलमध्ये मोबाइलवर. उभ्याने, एका कानात इयरफोन घालून पाहिलेला सिनेमा ‘संथ वाटला’ असं लिहिलेलं असेल तर ते मत किती धरायचं ते पुढे तुम्हालाच ठरवता येईल.

आवृत्ती

हा रकाना लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथूनच सुरू होतो. मूळ भाषा सबटायटलसह, डब, टीव्हीवरची कापलेली प्रत, जीर्णोद्धार केलेली प्रत, दिग्दर्शकाने नंतर वाढवलेली प्रत, यांतली कुठली ते दोन-तीन अक्षरांत टिपा: ‘मू’, ‘ड-हिं’, ‘टीव्ही’, ‘जी’ अशा खुणा ठरवून पहिल्या पानावर त्यांचा अर्थ लिहून ठेवा.

दक्षिणेतले सिनेमे हिंदीत डब होताना नाव पार बदलतं. नोंद मूळ नावाने करा आणि डब केलेलं नाव ‘एक ओळ’च्या रकान्यात ढकला. उलटं केलंत तर तोच सिनेमा दोन वर्षांनी मूळ भाषेत पाहाल आणि वहीत तो वेगळा म्हणून मोजला जाईल.

लांबीबद्दल एक जुनी मेख आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा), पण आपल्याकडची जुनी टीव्ही प्रणाली सेकंदाला २५ चौकटींची. त्यामुळे टीव्हीवर किंवा त्या प्रणालीच्या डीव्हीडीवर सिनेमा चार टक्के जास्त वेगाने पळतो. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. काहीही कापलेलं नसतानाही वेळ कमी भरते. नेटवरची लांबी आणि तुमच्या घड्याळातली लांबी यांत पाच-सहा मिनिटांचा फरक दिसला म्हणून लगेच ‘कापलेला’ लिहू नका. फरक वीस-पंचवीस मिनिटांचा असेल तर मात्र कापलाच आहे. यूट्यूबवरच्या जुन्या मराठी सिनेमांत कधी कधी गाणी उडवलेली असतात. तिथे पाहिलंत तर दुव्याऐवजी चॅनेलचं नाव आणि चित्रफितीची लांबी लिहा. दुवा कधी मरेल याचा भरवसा नसतो.

चित्रपटगृहात सुरुवातीला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं तेव्हा पॉपकॉर्नमधून डोकं वर काढा. नाव, भाषा, वर्गवारी आणि लांबी तिथेच असते. तुम्ही पाहताय त्या प्रतीची ती लांबी, त्यामुळे नेटपेक्षा ती जास्त विश्वासाची.

एक ओळ

नोंदवहीचा जीव इथे आहे, आणि नव्याने लिहिणारा नेमका इथेच फसतो. ‘अभिनय दमदार, कथा उत्तम, शेवट मनाला चटका लावणारा, एकदा बघाच’ ही ओळ कुठल्याही सिनेमाला चालते, म्हणून ती कुठल्याच सिनेमाची नाही. वर्षभराने वाचाल तेव्हा तो सिनेमा डोळ्यांपुढे येणार नाही.

ओळीत एक दिसलेली किंवा ऐकलेली गोष्ट हवी आणि त्यापुढे हवंच तर तुमचं मत. समजा, जब्बार पटेल यांचा १९७९ चा ‘सिंहासन’ पाहिला. वहीतली नोंद अशी दिसेल:

४१ । शनि १४ । सिंहासन, १९७९ । घरी, टीव्ही । मू । बाबा । शेवटी दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो, आणि आपल्याला हसू येत नाही. बाबा म्हणाले, तेव्हा थिएटरात लोक गप्प बसून होते.

दिगू म्हणजे निळू फुले हे लिहिलेलं नाही, कारण ते कुठेही सापडेल. बाबांचं वाक्य मात्र सापडणार नाही. अशी ओळ पंचवीस-तीस शब्दांत बसते. त्याहून जास्त सुचत असेल तर खुशाल लिहा, पण वहीच्या मागच्या भागात, अनुक्रमांक टाकून. मुख्य यादीत एकच ओळ.

ओळ सुचत नसेल तर स्वतःला यांतला एक प्रश्न विचारा: कुठल्या क्षणी मोबाइलकडे हात गेला? कुठला आवाज घरी येईपर्यंत कानात राहिला? कोणत्या पात्राचं घर खोटं वाटलं? शेवटचा प्रश्न मराठी आणि हिंदी सिनेमांना फार कामाचा पडतो. चाळीत राहणाऱ्या माणसाची खोली केवढी आणि भिंतीवर काय टांगलंय, याची उत्तरं पटकन येतात.

आपल्याकडे सिनेमाला मध्यंतर असतं. नोंद करणाऱ्याला यासारखी सोय नाही. खिशात पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद आणि बॉलपेन ठेवा. मध्यंतराला एक गोष्ट लिहा, ती म्हणजे पुढे काय होईल असं वाटतंय. सिनेमा सुटल्यावर त्याखाली काय झालं ते दोन शब्दांत. एवढ्यावरून पटकथेने तुम्हाला कुठे खेळवलं ते समजतं, आणि मत बनवायला वेगळं बसावं लागत नाही. अंधारात मोबाइल काढून टिपणं करू नका. मागच्या दोन रांगांना त्याचा उजेड जातो, आणि टंकताना पडद्यावरचे दहा सेकंद हमखास जातात. परदेशी सिनेमाला मूळचं मध्यंतर नसतं; चित्रपटगृहवाले सोयीने कुठेही तोडतात, कधी तर प्रसंगाच्या मधोमध. तिथे गती तुटल्यासारखी वाटली तर दोष दिग्दर्शकाच्या माथी मारण्याआधी हे ध्यानात असू द्या.

वही

छापील तारखांची डायरी घेऊ नका. रविवारी तीन सिनेमे पाहिलेत तर जागा पुरत नाही आणि पुढची दहा पानं कोरी राहतात. साधी २०० पानी आखीव लाँगबुक उत्तम. पानाला चार नोंदी बसतात. शेवटची वीस पानं अनुक्रमणिकेला आणि अर्धवटांना राखलीत तरी १८० पानांत ७२० नोंदी होतात. आठवड्याला तीन सिनेमे धरले तर साडेचार वर्षं निघतात. पानांना क्रमांक आधीच घालून ठेवा. अनुक्रमणिका मुळाक्षरांनुसार: ‘क’च्या पानावर नाव आणि फक्त अनुक्रमांक. ती रोज भरायची गरज नाही.

जेल पेन आणि शाईचं पेन टाळा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, वही दमट होते आणि शाई पलीकडच्या पानावर उतरते. बॉलपेन टिकतं.

तिकीट चिकटवायची हौस असेल तर सावध. मल्टिप्लेक्सचं तिकीट बहुतेक थर्मल कागदावर छापलेलं असतं. त्यात शाई नसते, उष्णतेने काळा होणारा थर असतो. ऊन, डिंक आणि प्लास्टिकची पट्टी या तिन्हींनी तो उडतो. सेलोटेप लावून जपलेलं तिकीट काही वर्षांत कोरं होतं. आधी मोबाइलवर फोटो काढा, आणि वहीत चिकटवायचंच असेल तर झेरॉक्स चिकटवा. लॅमिनेशन तर मुळीच नको, त्या उष्णतेने अख्खं तिकीट काळं पडतं.

शीट

मोजदाद आवडत असेल तर गूगल शीट किंवा एक्सेल. रकाने तेच सात. पहिलं काम म्हणजे सेटिंग्जमध्ये लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ते) ‘इंडिया’ करणं. ते अमेरिकेचं राहिलं तर ५ एप्रिल म्हणून टाकलेली तारीख ४ मे होते, आणि १३ एप्रिल तर तारीखच धरली जात नाही, नुसता मजकूर होऊन बसते. ओळखायची खूण सोपी: तारीख खान्याच्या उजव्या कडेला सरकली तर ती तारीख आहे, डावीकडे चिकटून राहिली तर मजकूर. मराठी आकड्यांत लिहिलेली तारीखही बहुधा मजकूरच ठरते, तेव्हा शीटमध्ये आकडे इंग्रजी ठेवा.

‘कुठे’ आणि ‘आवृत्ती’ या रकान्यांना ड्रॉपडाउन लावा. हाताने लिहिलं की ‘नेटफ्लिक्स’, ‘नेटफ्लीक्स’ आणि ‘एनएफ’ अशा तीन सेवा तयार होतात आणि बेरीज चुकते. मराठी नावांचंही तेच आहे. ‘फँड्री’ आणि ‘फॅन्ड्री’ संगणकाला दोन वेगळे शब्द. पोस्टरवर जसं आहे तसं लिहा, आणि शेजारी रोमन लिपीत नावाचा एक रकाना ठेवा. शोधताना आणि पुढे आयात करताना तोच कामी येतो.

आठवडा सोमवारपासून मोजण्यापेक्षा शुक्रवार ते गुरुवार मोजा. नवे सिनेमे शुक्रवारी लागतात, धंद्याचे आकडे त्याच हिशेबाने येतात, आणि शनिवार-रविवार एकाच आठवड्यात राहतात. शीटमध्ये प्रत्येक नोंदीसमोर तिचा शुक्रवार आपोआप यावा यासाठी: तारखेतून ६ वजा करा, त्याला ७ ने भागून बाकी काढा (त्यासाठी मॉड हे फंक्शन आहे), आणि ती बाकी मूळ तारखेतून वजा करा. शुक्रवारच्या तारखेला बाकी शून्य येते, गुरुवारच्या तारखेला ६ येते, म्हणजे दोघांनाही आपापला शुक्रवार मिळतो. या रकान्यावर पिव्होट टेबल (गटवार मोजून देणारा तक्ता) लावलं की आठवड्यागणिक संख्या समोर.

लेटरबॉक्स्ड

न्यूझीलंडमध्ये २०११ साली सुरू झालेली ही सेवा नोंदींसाठी सगळ्यात सोयीची आहे, पण दोन गोष्टी ठाऊक हव्यात. डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की सिनेमा ‘पाहिलेला’ म्हणून लागतो, मात्र डायरीत तारीख पडत नाही. नवे लोक महिनाभर डोळेच दाबत बसतात आणि मग डायरी रिकामी का म्हणून विचारतात. ‘लॉग’ करून तारीख निवडा, दुसऱ्यांदा पाहत असाल तर ‘रीवॉच’ची खूणही करा. दुसरं म्हणजे तिथली सिनेमांची माहिती टीएमडीबीवरून येते. जुना मराठी सिनेमा सापडला नाही तर टीएमडीबीवर मोफत खातं उघडून तो स्वतः घालता येतो, नंतर लेटरबॉक्स्डवरही येतो.

शीटमधून आयात करताना तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने हवी. सारख्या नावाच्या सिनेमांची जुळणी चुकू नये म्हणून आयएमडीबीचा क्रमांक असलेला रकाना जोडा. आयएमडीबीच्या पत्त्यात दोन ‘टी’ अक्षरांनी सुरू होतो तो, त्या अक्षरांसकट. दर तीन महिन्यांनी सेटिंग्जमधल्या ‘डेटा’ विभागातून सगळं उतरवून घ्या. झिपमध्ये डायरी, समीक्षा, रेटिंग अशा वेगळ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फायली मिळतात. मराठीत लिहिलेल्या ओळी एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडल्यात तर अक्षरांऐवजी कचरा दिसू शकतो. फाइल बिघडलेली नसते. ‘डेटा’ मेनूतून मजकूर किंवा सीएसव्ही आयात करा आणि यूटीएफ-८ ही मराठी अक्षरं नीट वाचणारी संकेतपद्धत निवडा. कचरा दिसत असताना सेव्ह मात्र करू नका, मग तो कायमचा.

‘सोबत’चा रकाना तिथे नेऊ नका. तुमची डायरी साधारणपणे कोणीही वाचू शकतो, आणि शनिवारी कोणाबरोबर गेलात हे सोबत आलेल्याला जगजाहीर करायचं असेलच असं नाही.

गुरुवारचा पाव तास

रोजच्या नोंदी कच्च्या असल्या तरी चालतात. गुरुवारी रात्री पंधरा मिनिटं बसून त्या पक्क्या करा. बुकिंगचे ईमेल पाहा. नेटफ्लिक्सवर तुमच्या प्रोफाइलची पाहण्याची यादी सेटिंग्जमध्ये मिळते, सीएसव्हीही उतरवता येते, पण त्यात फक्त नाव आणि तारीख असते. पाच मिनिटं चालवून बंद केलेलंही त्यात दिसतं, आणि तुमच्या प्रोफाइलवर भाच्याने पाहिलेली कार्टूनं तर असतातच. ती यादी आठवण द्यायला वापरा, जशीच्या तशी उतरवू नका.

गुण द्यायचे असतील तर याच बैठकीत द्या, सिनेमा सुटल्या सुटल्या नको. त्या रात्री पार्श्वसंगीताचा अंमल असतो. पाच ताऱ्यांच्या मोजपट्टीचा त्रास असा की काही महिन्यांत सगळेच साडेतीनवर येऊन बसतात. त्यापेक्षा तीन खुणा बऱ्या: पुन्हा पाहीन, एकदा ठीक, नको. तारेच द्यायचे असतील तर पाच तारे वर्षाकाठी दहापेक्षा जास्त सिनेमांना द्यायचे नाहीत असं बंधन घाला, मग हात आपोआप आखडतो.

काय मोजायचं तेही एकदा ठरवून पहिल्या पानावर लिहा. ऑस्करवाले ४० मिनिटांपर्यंतच्या सिनेमाला लघुपट धरतात. तीच रेघ वापरा आणि लघुपटांना वेगळा क्रमांक द्या. वेब सीरिज यात घेऊ नका, तिची वही वेगळी असू द्या. चित्रित केलेलं नाटक पाहिलं तर ते नाटकच.

महोत्सवाच्या आठवड्यात हे वेळापत्रक कोलमडतं. जानेवारीतला पुण्याचा पिफ असो की नोव्हेंबरातला पणजीचा इफ्फी, दिवसाला चार-पाच सिनेमे होतात आणि तिसऱ्या दिवशी इराणी सिनेमातला मुलगा तुर्की सिनेमातल्या घरात राहायला जातो. तेव्हा सगळे रकाने सोडून द्या. छापील वेळापत्रकावर पाहिलेल्या खेळाला गोल करा आणि पुढच्या रांगेत उभं असताना कडेला एकच चित्र लिहा: ‘बर्फात चप्पल’, ‘आजी फ्रिज विकते’. मूळ भाषेतलं नाव आणि इंग्रजी नाव दोन्ही वेळापत्रकावर असतात, म्हणून तो कागद टाकू नका. महोत्सवानंतर नेटवर नेमका तोच सिनेमा शोधायला दोन्ही लागतात. घरी आल्यावर त्यावरून नोंदी उतरवा.

खंड पडला तर मागचं किती भरायचं? फार तर दोन आठवड्यांचं, तेही ईमेल, यूपीआयचे व्यवहार आणि ओटीटीची यादी यांच्या आधारे. त्यामागच्या सिनेमांना फक्त नाव, वर्ष आणि तारखेच्या जागी ‘अं’ अशी खूण, म्हणजे अंदाजे. ओळीचा रकाना तिथे कोरा सोडा. आठवत नसताना लिहिलेली ओळ शेवटी कुठल्यातरी परीक्षणातून आलेली निघते.